जुन्नरच्या वाटेवरचा एकटा व्यापारी

जुन्नर ही घाटमाथ्यावरची जुनी पेठ. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून येथे येई आणि पुढे पैठण, तेरकडे जाई. दक्षिणेला आंबेगावच्या घोड खोऱ्यातून भीमाशंकरमार्गे खांडसकडे उतरणाऱ्या वाटाही कोकणाला जोडलेल्या होत्या. मालाबरोबर परदेशी माणसेही आली. त्यांना कोणत्या अटीवर येऊ द्यायचे आणि त्यांची हमी कोणी घ्यायची, हे प्रत्येक राजवटीला ठरवावे लागले. राजाचा वकील किंवा मोठ्या कंपनीचा नोकर असेल तर अडचण कमी होती. कुणाच्याच पदरी नसलेला, स्वतःच्या जोखमीवर फिरणारा व्यापारी मात्र कोणत्याच चौकटीत बसत नसे.

सातवाहन काळात या वाटेवर राज्याची नजर होती. नाणेघाटातील लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. परदेशी जहाजांवरच्या निर्बंधाची नोंद ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक पुस्तकात सापडते. कल्याण हे एकेकाळी अधिकृत व्यापारी बंदर होते. पुढे सत्ता बदलली आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील झगड्याची झळ व्यापाऱ्यांना लागली ती अशी. तो झगडा जुन्नरपर्यंत पोचला होता: मानमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा दानलेख आहे.

तरीही परके लोक येथे आले आणि रुळले. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने बौद्ध संघासाठी भोजनमंडप खोदवला. मानमोडीत चंद नावाच्या यवनाचे दान आहे. तिघांचेही लेख प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत आहेत. याच लेण्यांत बांबूकाम करणारे, कासार आणि धान्यव्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. परक्या माणसाला येथे पत मिळवायची असेल तर स्थानिक श्रेणी आणि संघ यांच्याशी नाते जोडणे हाच खात्रीचा मार्ग असावा.

हमी नसलेल्या व्यापाऱ्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 1470 च्या आसपासचे आहे. अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर शहराचा व्यापारी. घरून निघताना त्याने त्वेरचे राजे मिखाईल बोरिसोविच यांचे प्रवासपत्र घेतले होते. व्होल्गाच्या मुखाजवळ आस्त्राखान भागात तातारांनी त्याचा काफिला लुटला. शिरवानच्या शाहाकडे मदत मागितली, तीही मिळाली नाही. मग तो इराणमार्गे होर्मुझला गेला, घोडा घेऊन जहाजात बसला आणि चौलला उतरला. पालीवरून घाट चढून तो जुन्नरला आला. घोडा आणण्याचा हिशेब पक्का होता. दख्खनमध्ये चांगले घोडे निपजत नसत, त्यामुळे अरबी आणि इराणी घोड्यांना बहमनी राज्यात मोठी मागणी होती. येथे घोड्यांना हरभरा आणि खिचडी चारतात, याची नोंदही त्याने केली आहे.

पावसाळा सुरू झाला आणि तो अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, त्याच काळात नांगरणी-पेरणी, हे त्याचे वर्णन मावळातल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. परदेशी व्यापारी ज्या धर्मशाळांत उतरत, तेथे मालकीण त्यांचा स्वयंपाक करी, असेही तो लिहितो. जुन्नरचा अंमल असदखानाकडे होता. असदखान मलिक-उत्-तुज्जार महमूद गावान याचा सरदार. गावान स्वतः इराणच्या गिलानमधून व्यापारी म्हणून दाभोळला उतरला होता आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. अशा वजिराच्या राज्यातही निकितिनला आधार मिळाला नाही. तो मुसलमान नसून रशियन आहे हे कळताच असदखानाने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडा जप्त आणि हजार मोहरांचा दंड, असा निवाडा झाला. मुदत चार दिवसांची. त्वेरच्या राजाचे पत्र येथे कोणाला वाचता आले नसते, आणि आले असते तरी त्या राजाची येथे कोणाला फिकीर नव्हती.

सुटका झाली ती एका माणसाच्या शब्दामुळे. खुरासानचा महंमद तेव्हा जुन्नरला आला. निकितिनने त्याला गळ घातली, तो खानाला भेटला आणि घोडा परत मिळवून दिला. ऑगस्टच्या मध्यात निकितिन बीदरकडे निघाला आणि घोडा तेथे विकला. पुढे तो स्वतःला ख्वाजा युसुफ खुरासानी म्हणवून घेऊ लागला. जगण्यासाठी त्याला ओळखच उसनी घ्यावी लागली. रशियाला नेण्याजोगा माल येथे फारसा नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण इतरांना माफ असलेली जकात आपल्याला भरावी लागते, ही त्याची तक्रार एकट्या व्यापाऱ्याची नेमकी अडचण सांगते. परतताना स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला. त्याचे टिपण रशियन बखरींत जपले गेले. 1957 मध्ये त्यावरून ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला.

दोनशे वर्षांनी आलेल्या जॉन फ्रायरची गोष्ट उलटी आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. 1675 मध्ये जुन्नरच्या मोगल सुभेदाराने उपचारासाठी त्याला मुंबईहून बोलावले. कल्याण-मुरबाडचा मुलूख शिवाजी महाराजांचा, वर जुन्नर मोगलांचे. दोन शत्रूंच्या हद्दी ओलांडूनही तो सुखरूप गेला, शिवनेरी पाहून नाणेघाटाने उतरला. पाठीशी कंपनी होती आणि हातात बोलावणे होते.

इंग्रजी राजवटीत 1920 च्या पासपोर्ट कायद्याने देशात येणाऱ्यांसाठी पासपोर्ट सक्तीचा झाला, 1946 चा परकीय नागरिक कायदा स्वतंत्र भारतानेही 2025 पर्यंत चालू ठेवला. 2017 पासून बिझनेस व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. नारायणगावचा टोमॅटो पाहायला किंवा मंचरच्या कारखानदाराशी खरेदीचा करार करायला येणाऱ्याला तो चालतो. अर्जात बोलावणाऱ्या भारतीय संस्थेचा तपशील द्यावा लागतो. भारतीय कंपनीकडून ठरावीक मोबदला घेऊन काम करणारा परदेशी सल्लागार मात्र, मासिक पगार नसला तरी, एम्प्लॉयमेंट व्हिसाच्या कक्षेत जातो. 2009 मध्ये सरकारने हा भेद कडक केला आणि बिझनेस व्हिसावर प्रकल्पांत काम करणाऱ्या अनेकांना परत जावे लागले. परदेशातल्या ग्राहकांचे काम लॅपटॉपवर करणाऱ्या फ्रीलान्सरसाठी भारतात वेगळा व्हिसा नाही. तो कोणाकडेही उतरला, लॉजवर असो वा खासगी घरात, तरी त्याची माहिती 24 तासांत सरकारला कळवण्याची जबाबदारी त्या यजमानावर असते.