धोटा आणि विटाळ

माझे वडील १९३६ साली कोकणातून मुंबईला आले आणि गिरणीच्या रिंग खात्यात चिकटले. साचेखात्यात मजुरी जास्त, हे त्यांना ठाऊक होते. 'मग तिकडे का गेला नाहीत?' असे मी पोरवयात विचारले, तेव्हा म्हणाले, 'तिथं दोरा तोंडानं ओढावा लागतो.' मला काहीच कळले नाही.

कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घेई. तोच धोटा पुढच्या माणसाच्या तोंडी जाई. अस्पृश्याचा ओठ त्याला लागला की सवर्ण कामगाराला विटाळ! म्हणून बऱ्या मजुरीचे खाते आम्हांला बंद. लँकेशायरमध्ये याच चोखण्याला 'मृत्यूचे चुंबन' म्हणत. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ सालीच अशा धोट्यावर कायद्याने बंदी घातली. कारण थुंकीवाटे रोग पसरतात. आमच्या गिरणीत थुंकीत रोग कोणाला दिसला नाही, जात तेवढी दिसली.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. साचेखाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी यादीत घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला. नाही तर आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन, असे बजावले. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती घातली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालकांचे हे म्हणणे खोटे नव्हते, हेच मला सर्वांत जास्त झोंबते.

हा आग्रह कोठून आला? १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर फायली लांबून फेकीत. पुढे मुंबईत प्राध्यापक झाल्यावर त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावण्याला सहकाऱ्यांनी हरकत घेतली. अपमानाने माणूस घडतो, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. अपमानाने बहुतेक माणसे मोडतात. आमच्या चाळीत अशी किती तरी होती. बाबासाहेबांनी मात्र आपला अनुभव गिरणीतल्या, रेल्वेतल्या माणसाच्या अनुभवाशी जोडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्याला हमाल म्हणून घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरीही राबावे लागते. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तो सवर्णांसाठीही आला, हे आमचे कामगार पुढारी सांगायला विसरतात.

त्या वाचलेल्या सहा तासांत वडील रात्रशाळेत बसू लागले. दोन वर्षांनी पगाराच्या पत्रकावर अंगठ्याऐवजी त्यांची सही आली. अक्षर वेडेवाकडे, पण नाव पूर्ण. साचेखात्यात मात्र ते निवृत्त होईपर्यंत गेले नाहीत.