काळी माती, मुरूम आणि नांदगावपेठची राख

पाऊस लागला की मला परतवाड्यात एकच फोन येतो, "भाऊ, रस्ता दबला, बातमी लावा ना." वीस वर्षांपासून लावतोय. रस्ता पुन्हा दबतोच.

दोष कामाचा असतोच, पण मातीचाही आहे. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर कितीही चांगलं असो, खालची जमीनच हलते.

हे दुखणं जुनं. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली अन् आपल्या कापसाला भाव आला. पण पावसाळ्यात गाड्या आसापर्यंत रुतायच्या. तेव्हापासून उपाय एकच: मुरूम आणा, टाका. आजही तेच. त्यापायी किती टेकड्या गेल्या, तुम्हीच मोजा.

दुसरीकडे नांदगावपेठ आणि पारसला औष्णिक वीज केंद्रं आहेत. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 40 टक्के राख निघते. या राखेत चुना मिसळून ती काळ्या मातीत कालवली, पाणी मारून दाबली, तर मातीचं फुगणं कमी होतं अन् हळूहळू ती सिमेंटसारखी धरते. नुसत्या राखेनं भागत नाही, कारण आपल्या राखेत चुना कमी असतो. यात नवल काही नाही. रोमन लोक ज्वालामुखीची राख अन् चुना मिसळूनच बांधकाम करत.

कायदाही आहे. राखेच्या वापराची पहिली अधिसूचना 14 सप्टेंबर 1999 ची. भरावात राख कशी वापरायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका 2001 ची. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनं केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या रस्तेकामांना राख वापरणं अटींसह बंधनकारक केलं. परतवाडा दोन्ही केंद्रांपासून या अंतराच्या आतच येतो.

राख म्हणजे जादू नव्हे. उघडी नेली तर धूळ छातीत जाते. भरावात पाणी मुरलं तर तिच्यातले जड धातू विहिरीत उतरू शकतात. म्हणून गाडीवर ताडपत्री, भरावाच्या कडेला मातीचं आवरण अन् पाण्याची तपासणी हवीच.

आपल्या गावातलं पुढचं रस्त्याचं काम निघालं की माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी मागा: मातीचा तपासणी अहवाल, मुरूम कुठून आणला, अन् राख का वापरली नाही. बातमी मी लावतो. अर्ज तुम्ही टाका.