आईची साक्ष

मूल एका जागी बसत नाही, ही तक्रार फार जुनी. फ्रँकफुर्टच्या हाइनरिख हॉफमान ह्या डॉक्टराच्या चित्रपुस्तकात चुळबुळ्या फिलिप आहे; तो चादरीसकट मेजावरचे सारे जेवण खाली ओढतो. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल ह्यांनी अशा मुलांविषयी वैद्यांपुढे व्याख्याने दिली. पण आईने सांगितलेल्या हकिकतीला अजून आकडा चिकटलेला नव्हता.

तो चिकटला औषधामुळे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली ह्यांनी तीस मुलांना बेन्झेड्रीन दिले, आणि त्यांतली कित्येक अभ्यासात रमली. आता गुण आला, तर तो किती आला, हे मोजायचे कसे? औषधांच्या चाचण्या करताना कीथ कॉनर्स ह्यांनी १९६९ साली शिक्षकांसाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली; पाठोपाठ आईबापांसाठीही केली. १९७८ च्या सुधारलेल्या आवृत्तीत पालकांना ४८ विधाने होती, शिक्षकांना २८. ‘मुळीच नाही’ म्हणजे शून्य, ‘फारच’ म्हणजे तीन. औषधाचा गुण मोजायला घेतलेली ही पट्टी पुढे निदानाच्या दारात उभी राहिली.

येथेच खरा पेच आहे. ‘फारच’ म्हणजे किती? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात थकलेल्या आईला जे फारच वाटेल, ते अंगण असलेल्या घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. १९८७ साली थॉमस आखेनबाख व सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास ताडून पाहिले. पूर्ण मेळ म्हणजे एक धरला, तर आई आणि बाप ह्यांच्यासारख्या एकाच नात्याने मुलाला पाहणाऱ्यांचा मेळ ०.६० भरला, पालक आणि शिक्षक अशा निराळ्या नात्यांच्या माणसांचा अवघा ०.२८.

म्हणून कोणी खोटे बोलते असे नव्हे. आई घरातले मूल पाहते, मास्तर वर्गातले. आम्हा शिक्षकांना हे नवे नाही. १९९४ च्या अमेरिकन निदानसंहितेनेही त्रास किमान दोन ठिकाणी दिसला पाहिजे, अशी अट घातली.

अतिनिदान होत आहे, अशी चिंता खुद्द कॉनर्स ह्यांनीच २०१३ साली जाहीरपणे बोलून दाखवली. २०१७ साली ते वारले. प्रश्नावली टाकाऊ नव्हे. तिच्यामुळे आईचे बोलणे नोंदले जाऊ लागले. मात्र ती साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्ष नीट ऐकून, उलटतपासणी करून, मुलाला स्वतः पाहूनच निकाल द्यावा लागतो; कारण त्याचा शिक्का बसतो तो एका कोवळ्या नावावर.