जिवाणी कुठे सोडायची?



दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी आपण दरवर्षी चार दानं ऐकतो. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. आहार आणि औषध आपल्याला लगेच कळतं, कारण ते हातानं देता येतं. ज्ञानदान म्हटलं की ग्रंथ छापून वाटणं आठवतं. अभयदान मात्र ऐकूनच सोडून दिलं जातं. या चारही दानांचा अर्थ आपल्या लातूर-नांदेडकडच्या मातीनं गेल्या तीस वर्षांत कसा दाखवला, ते आज लिहिते.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आपल्या घरांतले चतुर्दशीचे उपवास अजून सुटायचे होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत ८ ते १० हजार माणसं गेली. धक्क्यापेक्षा घरांनीच जास्त मारलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. गरिबांच्या कुडाच्या झोपड्या मात्र बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. परिग्रहाचं ओझं म्हणजे काय, हे एरवी प्रवचनात ऐकायचं असतं.

आहार आणि औषध त्या वेळी चहूकडून आलं. कपड्यांचे तर ढीग पडले. पुढे ५२ गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवली गेली. पण आई-वडील गेलेल्या, शाळा पडलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न ट्रकभर धान्यानं सुटणारा नव्हता. तेव्हा भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. शांतीलाल मुथ्था हे मूळ आपल्याच शेजारच्या बीड जिल्ह्यातले. पुण्यातला बांधकामाचा चालता धंदा सोडून त्यांनी १९८५ मध्ये ही संघटना काढली. सुरुवातीचं काम कोणतं, तर सामूहिक विवाह. लग्नाच्या खर्चानं घरं बुडतात, हे त्यांनी समाजाला उघडपणे सांगितलं. त्याच संघटनेनं नंतर वाघोलीला या मुलांचं शिक्षण आणि राहणं सांभाळलं. मुलांची जात-धर्म पाहिली नाही. पुढे तिथे मेळघाटातली आदिवासी मुलं आली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही आली. ज्ञानदान म्हणतात ते हे.

ही वाट आपल्या समाजात नवी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील जैन घरातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपल्याकडच्या बायकांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्या संस्थेचा पाया रचण्यात एका बाईचं सोनं आहे.

आता पाण्याकडे येते. भूकंप एका पहाटेत आला, दुष्काळ वर्षानुवर्षं येत राहिला. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी टँकर विकत घेतले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या बायका-मुली घागरी घेऊन रात्र रात्र रांगेत उभ्या राहिल्या.

आपण पाणी गाळून पितो. गाळलेलं पाणी ४८ मिनिटांनी पुन्हा गाळतो. गाळण्यावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडतो. आजीच्या काळी हे सोपं होतं, विहीर परसात होती. पण कृष्णेचं पाणी तीनशेहून जास्त किलोमीटरवरून लातूरला आलं, तर त्याची जिवाणी कुठे सोडायची? हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. जिथून घेतलं तिथे परत द्यायचं, असा हा नियम आहे. आपण जमिनीतून बोअरनं शेकडो फूट खालून पाणी उपसलं, उसाला पाजलं, आणि परत काय दिलं? जिवाणीचा नियम पाळायचा तर आधी विहिरीत पाणी हवं.

म्हणून गाळ काढण्याचं काम मला धर्माचं वाटतं. २०१३ च्या दुष्काळात जैन संघटनेनं बीड जिल्ह्यात तलावांतला गाळ काढायला घेतला. २०१७ मध्ये राज्य सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. तेव्हाच्या नियमानं यंत्रं संस्थांनी द्यायची होती, इंधनाचा खर्च सरकारनं करायचा होता, गाळ शेतकऱ्यानं स्वखर्चानं आपल्या शेतात न्यायचा होता. तलाव खोल होतो, हलकी जमीन सुपीक होते. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यालाच गाळ नेणं सोपं जातं. कोरडवाहू दोन एकरवाल्या विधवेच्या शेतात तो कोण टाकणार? तिच्या ट्रॅक्टरचं भाडं कुणी भरलं तर तेही दानच.

आणि अभयदान? ज्या बाईला उद्याच्या घागरीची भीती नाही, ज्या मुलाला शाळा सुटण्याची भीती नाही, त्यांना अभय मिळालं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये कुणी कुणाला जात विचारत नाही, जेवायला बसवतात. आपल्या शेजाऱ्यांकडून एवढं तरी शिकण्यासारखं आहे.

या चातुर्मासात तुमच्या महिला मंडळात बोली लागेल, प्रभावना वाटली जाईल. ती जरूर वाटा. त्याच सभेत एवढं विचारा, की आपल्या गावच्या तलावातला गाळ शेवटचा कधी निघाला होता? उत्तर कुणालाच माहीत नसेल, तर कामाला तिथूनच सुरुवात करता येईल.