मिठाची बेगमी

शिरोड्याच्या आमच्या जुन्या घरात मीठ मडक्यात असायचं आणि मडक्याखाली कायम ओल. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं की आजी खाली परळ ठेवून तेही धरायची आणि कैऱ्यांच्या खारात ओतायची. मिरग लागायच्या आत तिची बेगमी पुरी झालेली असे: खारे बांगडे, सुकट, खारातल्या कैऱ्या, सोलं, आगळ. सुकट सोडली तर सगळ्याला मीठ, आणि तेही मुठीनं. होड्या बंद असत त्या दिवसांत वाडगाभर पेज आणि निखाऱ्यावर भाजलेल्या बांगड्याचा एवढासा तुकडा. “मीठ नाय तर पेज गळ्याखाली उतरणा नाय,” असं ती म्हणे.

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि माझं ब्लडप्रेशर 160/100 निघालं. डॉक्टरांनी दिवसाला पाच ग्रॅम मिठावर आणलं. सगळं मिळून सपाट चमचाभर! त्यातच लोणचं, त्यातच पापड. आगळाची बाटली तर मी त्यांना दाखवलीच नाही.

मे 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तेव्हा आजी बावीस वर्षांची होती. वि. स. खांडेकर तेव्हा गावच्या शाळेत हेडमास्तर. त्या दिवसांबद्दल विचारलं की मला गांधीजींबद्दल ऐकायचं असे आणि आजी भाव सांगत बसे. मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता. मिठागर हाकेच्या अंतरावर, पण तिथलं चिमूटभर उचललं तरी चोरी. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. तिथल्या मिठावरही इंग्रजांनी 1878 च्या करारानं बारा वर्षं आपला ताबा बसवला होता. पुढे मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात मीठ पिकणाऱ्या भागातल्या गावांना घरापुरतं मीठ घ्यायची मुभा मिळाली. कर जायला 1947 उजाडलं. एकदा हाताला लागलेलं मीठ सोडायचं नाही, ही आजीची सवय मी त्या सव्वा रुपयाच्या खात्यावर मांडते. घरातले इतर तिला चिक्कूपणा म्हणत.

गंमत अशी की हीच सवय आपल्या मूत्रपिंडाला आहे, आणि तिचा पहिला धागा हाती लागला 1898 मध्ये, म्हणजे खांडेकरांच्या जन्मसालीच. स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन नाव दिलं. जेवणातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंडातल्या ठरावीक पेशींमध्ये रेनिनचं जनुक जोरात कामाला लागतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन, मग अल्डोस्टेरॉन. हे अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशींत शिरतं, तिथल्या ग्राहकाला धरून थेट केंद्रकात जातं आणि सोडियम परत ओढून घेणारी दारं बनवणारी जनुकं चालू करतं. लघवीतून जाऊ पाहणारं मीठ मागे फिरतं. मडक्याखालचा परळच म्हणा. भरपूर मीठ खाल्लं की ही जनुकं सुस्तावतात. जनुक तेच, हुकूम निराळा.

मग मीठ कमी केल्यावर दाब उतरतो कसा? शरीर इतकं धरून ठेवतं तरी थोडं मीठ जातंच, त्याच्या मागोमाग पाणी जातं आणि नळ्यांतला भार हलका होतो. वय झालेल्यांमध्ये रेनिन तितक्या चपळाईनं धावून येत नाही, म्हणून आमच्यासारख्यांचा दाब जास्त उतरतो. म्हातारपणाचा एवढा एक फायदा माझ्या पदरात पडला.

सगळ्यांचं शरीर सारखं वागत नाही हे अमेरिकेत लुईस डाल यांनी उंदरांवर दाखवलं. पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांनी 1962 पर्यंत दोन वाण तयार केले: एकाचा दाब मिठानं भडकायचा, दुसऱ्यावर त्याच मिठाचा फारसा परिणाम नाही. आजी तो दुसरा वाण असावी. नव्वदीपर्यंत ती बांगडा खात होती. तिचं ब्लडप्रेशर कुणी मोजल्याचं मात्र मला आठवत नाही.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक वरून मीठ घेतच नाहीत. त्यांच्यात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन चढं सापडलं, रक्तदाब मात्र कमी, आणि वयाबरोबर वाढतही नाही. म्हणजे त्यांची बेगमीची जनुकं जन्मभर जागी. आमच्या घरी मडकं भरलेलं, त्यामुळे माझ्या जनुकांना साठ वर्षं बहुधा काम नव्हतं.

पहिले पंधरा दिवस अळणी आमटीनं जीव नकोसा झाला. दोनेक महिन्यांनी जीभ वळली. लग्नातल्या पंगतीची भाजी खाल्ली तर समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. आता दाब 130 च्या आसपास असतो, गोळीसकट. परवा भावानं गावाहून खारे बांगडे पाठवले. एक काढला, तीन पाण्यांतून धुतला, भाजला, अर्धा खाल्ला. उरलेला शेजारच्या वहिनींना दिला. त्या घास घेऊन म्हणाल्या, “ताई, मीठ घालायचं विसरलात वाटतं?”