मेंढ्याच्या शिंगांची सायकल

वाईत आमचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टपरी, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि भाड्यानं द्यायच्या सहा सायकली. अब्बांच्या हाताखाली मी चाकाचा आऊट काढायला शिकलो. कविता फार नंतर आली.

माझ्या शाळेच्या दिवसांत, पाचगणीच्या एका निवासी शाळेतल्या मुलाची परदेशी सायकल दुरुस्तीला आली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, दहा गिअर. अब्बांनी ती दोन दिवसांत लावून दिली. एसटीच्या टपावर टाकली तर ओरखडे पडतील, आणि दुसऱ्याची वस्तू म्हणून तिच्यावर बसायचं नाही. सगळा पसरणी घाट ते ती सायकल हातात धरून, पायी चढून गेले. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती, गुडघा दुखायला लागला होता.

हा पंचेचाळीसचा आकडा मला पुढे फ्रान्सच्या इतिहासात भेटला.

‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत 1903 साली सुरू झाली. तिचा संस्थापक आंरी देग्रांज याला गिअरचं वावडं होतं. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, खऱ्या गड्यानं स्नायूंच्या बळावर जिंकावं, असं मत त्याच्या नावावर सांगितलं जातं. त्यामुळे शर्यतीतले गडी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं दातेरी चक्र बसवत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढून उलटं घालायचं, मग चढायचं! साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरला या शर्यतीत 1937 साली परवानगी मिळाली.

आणि रस्ते कसले? 1910 साली शर्यत प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून गेली, तेव्हा तिथं दगडमातीची वाट होती. ऑक्ताव्ह लापीझ सायकल ढकलत चढला आणि आयोजकांना ‘खुनी’ म्हणून ओरडला. ती शर्यत त्यानंच जिंकली. 1917 साली, पहिल्या महायुद्धात, तो विमानातून लढताना मारला गेला. म्हणजे आज ज्याला नवलाईनं ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात, ती वाकड्या हँडलची, खडीवर चालणारी सायकल काही नवी नाही. आधी रस्ते तसे होते. डांबर मागाहून आलं, आणि डांबरासोबत टायर बारीक होत गेले.

देग्रांजच्या उलट बाजूला उभा होता पॉल द व्हिव्ही. सेंट एतियेन गावचा रेशमाचा व्यापारी, ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानं लिहिणारा. 1887 साली त्यानं सायकलीचं मासिक काढलं आणि जन्मभर गिअरचा पुरस्कार केला. शर्यत नको, डोंगर हिंडू, हा त्याचा खाक्या. 1930 साली त्याच गावात ट्रामच्या धडकेनं तो गेला. मला हा माणूस आपला वाटतो. व्यापार करून लिहिणाऱ्याची ओढाताण मी घरात पाहिली आहे.

चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन पळण्याचा खेळ, ‘सायक्लोक्रॉस’, फ्रान्सचाच. तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1902 सालची. इंग्लंडमध्ये 1955 साली लेमिन्स्टर गावात चाळीसेक हौशी लोक जमले आणि त्यांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापली, पायवाटांवर सायकल नेणाऱ्यांची. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली, आणि 2022 साली इटलीत या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. कारखानदारांना नवं नाव मिळालं, किंमतही त्याप्रमाणे वाढली.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी ती म्हणाली, “अब्बा, तुमच्यासाठी एक सायकल बांधू या. तयार नको, एकेक भाग आणून.” स्टीलची फ्रेम आली. मी पहिल्यांदा पाहिलं ते फोर्क आणि चाक यांतलं अंतर. अब्बा म्हणायचे, तिथं बोट शिरलं पाहिजे. नाही शिरलं तर चिखल शिरतो आणि चाक धरून बसतो. जुन्या शर्यतीच्या सायकलीला जाड टायर बसत नाही तो इथंच. रिमवर दाबणारा ब्रेकही वाट अडवतो. डिस्कब्रेक चाकाच्या मध्याशी गेला आणि ही अडचण सुटली. शिवाय एकाच फ्रेमला दोन जोड चाकं चालू लागली.

त्यातलं गणित मला फार आवडलं. 700सी चाकाच्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास 622 मिलिमीटर. जुन्या फ्रेंच 650बी चाकाचा 584. मोठ्या चाकावर 28 मिलिमीटरचा टायर घाला, लहानावर 47चा. टायरची उंची रुंदीएवढीच धरली तर दोन्हींची बाहेरची मापं येतात 678! डांबरासाठी एक जोड, मातीसाठी दुसरा. सायकलची उंची तीच राहते.

पुढे 40 दात्यांचं चक्र, मागे 11 ते 42. सगळ्यात हलक्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक पुरतं एकदाही फिरत नाही. चढाला एवढं पुरे. हँडल अर्थातच मेंढ्याचं, पण शिंगं खालून बाहेर फाकलेली, खडबडीत उतारावर पकड रुंद राहावी म्हणून. वरून, मुठींवरून, खालून असे हात बदलता येतात. त्यामुळे तळवे बधिर होत नाहीत. चाकांचा आऊट मी स्वतः काढला. मुलगी मोबाइलवर बघून सांगत होती, मी बोटानं तारा वाजवून ऐकत होतो.

डिसेंबरात पहाटे वाईतून निघालो. घाटात हलक्या गिअरवर, मुंगीच्या पावलानं, पण बसून चढलो. अर्ध्यावर एका वळणाशी मात्र उतरलो. दम लागला नव्हता. सायकल हातात धरली आणि पुढच्या वळणापर्यंत पायी ढकलत नेली. मागून येणारी मुलगी विचारत होती, “काय झालं अब्बा, साखळी पडली का?”