आंत्रातील आयन-वहन व आंत्रशोथ : संशोधनाचा इतिहास

आंत्रातील (आतड्यातील) पाण्याची ये-जा मुख्यतः आयनांच्या (विद्युत् भारित अणूंच्या वा अणुगटांच्या) वहनावर अवलंबून असते. आंत्राच्या आतील अस्तरातील, म्हणजे श्लेष्मकलेतील, कोशिका (पेशी) सोडियम व क्लोराइड आयन शोषून घेतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. याच कोशिका क्लोराइड आयन आंत्राच्या पोकळीत सोडू लागल्या की, पाणीही तिकडे ओढले जाऊन अतिसार होतो. ही कल्पना वैद्यकात रुजण्यास फार काळ लागला व त्या विलंबाची किंमत पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना मोजावी लागली.

पटकीत रक्तातील पाणी व लवणे घटतात, हे विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये दाखविले आणि १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील टॉमस लॅटा यांनी नीलेतून लवण-विद्राव देऊन काही रुग्ण वाचविले. ही पद्धत लवकरच मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात तिचे पुनरुज्जीवन केले. तोंडाने द्रव देणे मात्र व्यर्थ मानले जाई. शवपरीक्षेत श्लेष्मकलेचा वरचा थर गळून पडलेला दिसे. त्यावरून पटकी हा तीव्र आंत्रशोथ (आंत्राची दाहयुक्त सूज) असून अशा आंत्रात शोषण होणे शक्य नाही, अशी समजूत दृढ झाली होती. वस्तुतः हा बदल मृत्यूनंतरच्या विघटनाचा होता.

१९५९ मध्ये शंभूनाथ डे यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचे आंत्रावर क्रिया करणारे विष दाखवून दिले. १९६० मध्ये यूजीन गँगरोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकॉकमधील जिवंत रुग्णांच्या श्लेष्मकलेचे तुकडे तपासले, तेव्हा ती अखंड आढळली. रोग शोथाचा नसून आयन-वहनाच्या बिघाडाचा होता.

उपचाराची किल्ली मात्र पटकीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांतून आली. हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेतील सोडियमाचे सक्रिय वहन सिद्ध केले (१९५१). येन्स स्कू यांनी खेकड्याच्या तंत्रिकांत सोडियम-पोटॅशियम पंपाचे एंझाइम शोधले (१९५७). त्याबद्दल त्यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आंत्रात ग्लुकोज व सोडियम एकाच वाहकावरून आत जातात, हे गृहीतक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडले. पटकीचे विष क्लोराइडाचा स्राव वाढविते, परंतु या वाहकास धक्का लावीत नाही.

हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच कलकत्त्यात तोंडाने लवण-ग्लुकोज देऊन यश मिळविले होते. पण त्याला शोषणाच्या मोजमापांचा आधार नसल्याने ते दुर्लक्षित राहिले. हे दुर्लक्ष समर्थनीय म्हणता येत नाही. १९६८ मध्ये डाक्का येथे डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी मोजमापांसह उपयुक्तता सिद्ध केली. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत नीलेतून देण्याचे विद्राव संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅ. ग्लुकोज, ३·५ ग्रॅ. मीठ व २·५ ग्रॅ. खाण्याचा सोडा हे मिश्रण रुग्णांच्या नातलगांकरवीच पाजविले. तेथील मृत्युप्रमाण सु. ३० टक्क्यांवरून ३·६ टक्क्यांवर आले.

खऱ्या आंत्रशोथात चित्र निराळे असते. व्रणयुक्त बृहदांत्रशोथात सोडियमाचे शोषण मंदावते व कोशिकांमधील सांधे सैल होऊन द्रव झिरपतो. रक्ती आवेतही मुख्य इजा बृहदांत्रास होते. लघ्वांत्रातील वाहक बहुधा शाबूत राहत असल्याने हाच विद्राव पाण्याची तूट भरून काढतो, मात्र शोथ शमवीत नाही. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विद्रावातील सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण घटवून प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रतिलिटर असे ठरविले.